नंबर बदलणार नाही

लिफ्टवालीचा फोन वाजला आणि दुसऱ्या घंटेपर्यंत तिने तो उचलला नाही, असं कुणी पाहिलेलं नाही. एरवी नाकावर माशी बसू न देणारी ही बाई, पण फोनपुढे अगदी गरीब गाय. हात ग्रीसने बरबटलेले असोत, तोंडात घास असो, डोक्याला साबण लावलेला असो, फोन वाजला की बाकी सगळं बाजूला. जेवताना तो ताटाशेजारी, झोपताना उशाशी आणि दुरुस्तीला लिफ्टच्या टपावर चढली की गळ्यातल्या दोरीला. लेक एकदा म्हणाली, "आई, मी पाळण्यात रडायचे तेव्हा तू इतक्या लगबगीने उठायचीस का गं?" त्यावर आई म्हणाली, "तू पाळण्यात होतीस. अडकली नव्हतीस."

कारण साधं होतं. त्या भागातल्या जवळपास प्रत्येक इमारतीच्या लिफ्टमध्ये, बटणांच्या वर, एक पिवळा स्टिकर होता. 'अडकलात? घाबरू नका. फोन करा.' खाली नंबर. तो कंपनीचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. लिफ्टच्या पत्र्याच्या खोक्यात रेंज धड नसते. फोन लागतो, एकदा वाजतो, तुटतो. म्हणून तिचा नियम असा की मिस्ड कॉल आला म्हणजे माणूस अडकलाय. तडक उलटा फोन करायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "घाबरू नका. मी ऐकतेय. कुठल्या बिल्डिंगमध्ये आहात?" मग दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. स्कूटर चालवताना कानात वायर घालून ती आतल्या माणसाशी गप्पा मारत असे. पिशवीत काय आहे, भाजी कुठून घेतली, सुनेशी पटतं का, काय वाटेल ते विचारायची. काही बायका तर दार उघडल्यावरही उंबऱ्यात उभ्या राहून सुनेचं पुरं करत.

या नियमामागे जुना राग होता. ती कामाला लागली तेव्हा अख्ख्या वर्कशॉपमध्ये एकटी मुलगी, आणि बरोबरच्या पोरांना ते पचत नव्हतं. त्यांचा पुढारी एक लंबूटांग किडकिडीत पोरगा होता, सगळे त्याला उंच्या म्हणत. एकदा ती नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकटी असताना उंच्याने मशीनरूममधला मेन स्विच पाडला. पोरगी रडते का, एवढंच बघायचं होतं. तिने धोक्याचं बटण दाबलं. घंटा वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. ही घंटा तळमजल्यावरच्या रिकाम्या केबिनमध्ये वाजतेय आणि तिथे ऐकायला कुणीच नाही, हे तिला हळूहळू कळलं. लिफ्ट थांबल्याची तिला भीती नव्हती. ब्रेक कसा धरतो हे तिला पाठ होतं. पण आपण हाक मारतोय आणि पलीकडे माणूसच नाही, हे तिला फार लागलं. डोळे भरून आले. मग राग आला, आणि राग आला की तिला भूक लागते. तिने खाली बसकण मारून डबा उघडला.

इकडे पोरांनी स्विच वर केला तर लिफ्ट हलेना. मग मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दारावर थापा, हाका, विनवण्या झाल्या. शेवटी उंच्याने रडकुंडीला येऊन विचारलं, "अगं, बरी आहेस ना?"

आतून आवाज आला, "जेवतेय."

उंच्या यथावकाश कंपनीचा मॅनेजर झाला, त्याला पोट सुटलं आणि त्याची उंची त्यामागे लपली. ती टपावरच राहिली, आणि स्वतःचा नंबर छापून घेऊन लिफ्टमध्ये चिकटवत गेली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी ती टपावर बसून रुळांना तेल देत असताना फोन आला. तिने बोटाच्या मागच्या बाजूने तो उचलला आणि वाक्य सुरू केलं, "घाबरू नका, मी..."

"घाबरू? मी घाबरू?" पलीकडचा पुरुष कडाडला. "वीज तोडतेस काय माझी? तुझा फोन आला म्हणून भट्टी सोडून मीटरकडे धावलो. सगळा पाव करपला माझा. लाज नाही वाटत?"

"मी कुणालाच फोन केलेला नाही," ती म्हणाली.

"हाच नंबर आहे. 'वीज आज तोडली जाईल, थांबवण्यासाठी एक दाबा.' तूच ती."

तो तोंडाला येईल ते बोलून फोन आपटून मोकळा झाला. ती तेलाचा डबा हातात घेऊन तशीच बसली. तेवढ्यात दुसरा फोन आला. त्याच्यामागोमाग मिस्ड कॉलची रांग लागली. आता दुसरं कुणी असतं तर फोन बंद करून स्वस्थ बसलं असतं. पण ही पडली नियमाची. मिस्ड कॉल म्हणजे अडकलेला माणूस. तिने एकेकाला उलटा फोन केला आणि एकेकाच्या शिव्या खाल्ल्या. आपल्या पायाने चालत जाऊन चिखलात बसण्याचाच तो प्रकार होता, पण तिला दुसरं काही येतच नव्हतं.

दुपारी ती फोन कंपनीच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या बाईने नीट समजावून सांगितलं. "तुमचा नंबर कुणी चोरलेला नाही. कुठेतरी एक मशीन आहे, ते एका दमात ढिगाने फोन करतं आणि समोरच्याला दिसायला कुठलाही नंबर पुढे करतं. सध्या तुमचा करतंय."

"माझाच का?"

"कुठलाही चालतो त्यांना."

ते 'कुठलाही' तिला झोंबलं. जो नंबर तिने इतकी वर्षं जिवापाड जपला, तो कुणीतरी वाटेवरचा दगड उचलावा तसा उचलला होता. काउंटरवरची बाई म्हणाली, नंबर बदलून घ्या, सुटाल. लिफ्टवाली म्हणाली, "चोर मोकळा फिरणार आणि मी माझं घर बदलू?" आणि तक्रारीची पावती न घेताच बाहेर पडली.

घरी लेकीने दुसरा उपाय काढला. "आई, सेटिंग असतं. अनोळखी नंबर वाजतच नाहीत."

"अडकलेला माणूस काय ओळखीचाच असतो?"

लेकीने फोन परत तिच्या उशाशी नेऊन ठेवला.

मॅनेजरसाहेबांचा उपाय त्याहून नामी होता. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, की लोकांच्या तक्रारी येतायत, कंपनीचं नाव खराब होतंय. यापुढे लिफ्टमध्ये तिचा नंबर नको. कंपनीचा नवा नंबर येतोय, फोन आपोआप उचलला जातो, माणूस लागतच नाही. स्टिकर छापायला दिलेत. तिने तिथेच त्यांच्यासमोर तो नवा नंबर लावला. एक गोड आवाज आला: नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, नव्या लिफ्टच्या चौकशीसाठी एक दाबा. पुढे दोन होतं, तीन होतं. अडकलेला माणूस पार शेवटी होता.

"म्हणजे एक मशीन लोकांना फोन करून 'एक दाबा' म्हणतंय," ती म्हणाली, "आणि आता दुसरं मशीन फोन उचलून 'एक दाबा' म्हणणार. माणसं गेली कुठं, साहेब?"

"जमाना बदललाय."

"बदलू दे. नंबर बदलणार नाही."

"स्टिकर छापून आले की बघू," साहेब म्हणाले, आणि त्यांनी विषय संपवला.

ती तावातावाने बाहेर पडली खरी, पण त्याच आठवड्यात असं काही घडलं की तिच्या तावातली हवाच गेली. कामाच्या कपड्याची चेन तुटली म्हणून ती शिंप्याकडे बसली होती. एक मिस्ड कॉल आला. तिने लगेच उलटा फोन केला. पलीकडून कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. शिव्या देणारा माणूस फोन उचलतो, तेवढ्यासाठीच तर तो बसलेला असतो. जो अडकलाय तोही उचलतो. हा कोण, जो उचलतच नाही? तिला चैन पडेना. तिने शिंप्याच्या टेबलावरचा त्याचा फोन ओढून घेतला आणि त्यावरून तोच नंबर लावला. लगेच उचलला गेला.

"घाबरू नका. मी ऐकतेय. कुठल्या बिल्डिंगमध्ये आहात?"

"बरं झालं बाई तुम्ही फोन केलात," एक थरथरता, पण खणखणीत आवाज आला. "मी लिफ्टमध्ये अडकलोय, घाम फुटलाय, आणि त्यात कुणी लबाड माणूस मला सारखा फोन करून छळतोय. मी दर वेळी कापला."

"तो लबाड माणूस म्हणजे मीच," ती म्हणाली. "बिल्डिंग सांगा."

शिंपी "अहो, माझा फोन" म्हणत गळ्यातल्या टेपसकट दारापर्यंत धावला, पण तोवर स्कूटर कोपऱ्यावर पोचली होती. तिने मशीनरूममध्ये जाऊन मेन बंद केला, ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवलं, लिफ्ट मजल्याला आणली आणि त्रिकोणी किल्लीने दार उघडलं. आत एक सडपातळ म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी पायाशी ठेवून ताठ उभे होते. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. आयुष्यभर त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती. इमारतीतले सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"तुम्ही माझा फोन का कापलात हो?" तिने विचारलं.

"मुलीची सक्त ताकीद आहे. स्क्रीन लाल दिसली की कापायचं, विचार करायचा नाही. मी शिस्तीचा माणूस आहे." मास्तरांनी आपला फोन तिच्यापुढे धरला.

मोबाइलमध्ये हल्ली ती सोय असते. अनोळखी नंबर आला की लोकांनी त्याला दिलेलं नाव दिसतं, आणि पुष्कळांनी तक्रार केली की सगळी स्क्रीन लाल होते. तिने आपला नंबर असा बाहेरून कधी पाहिलाच नव्हता. लाल पट्टी, त्यावर 'फसवा कॉल', आणि खाली तिचा नंबर इतका बारीक की मास्तरांना चष्म्यातूनही दिसला नसता. मास्तर धडधाकट होते म्हणून निभावलं. उद्या आत कुणाच्या छातीत कळ आली आणि त्याने शिस्तीने फोन कापला, तर? शिंपी बरोबर नसला, तर? तिला पहिल्यांदाच वाटलं की उंच्या म्हणतो ते खरं असेल. ती पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. मास्तर बिचारे पिशवीतली काकडी काढून "घ्या, बरं वाटेल" म्हणत उभे राहिले.

रडणं आटोपल्यावर राग आला. तिने ती काकडी तिथेच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पाववाल्याचा फोन पुन्हा आला. आवाज तिने लगेच ओळखला. त्याचे अर्धे शिव्याशाप तिने ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "पत्ता सांगा."

"कशाला?"

"भांडायला. फोनवर धड भांडता येत नाही."

तो इतका चक्रावला की त्याने पत्ता सांगून टाकला. बेकरीत पोचल्यावर तिने आपला फोन काउंटरवर, पिठाच्या थरात, उताणा ठेवला. "हा माझा फोन. ही मी. तुम्हाला तो वीज तोडणारा फोन कधी येतो?"

"पाव भट्टीत घातला की बरोबर येतो मेला."

"मग घाला पाव. मी बसते."

ती पोत्यावर बसली. पाववाला आडदांड, कोपरापर्यंत पीठ, कपाळाला कायमची आठी. तो धुसफुसत कामाला लागला. मध्ये मध्ये तिचा फोन वाजत होता आणि ती प्रत्येक फोन स्पीकरवर उचलत होती. एकाने तिच्या आईचा उद्धार केला, एकीने तिला तळतळाट दिले. पाववाला पीठ मळता मळता ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने न विचारताच तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

आणि मग त्याचा फोन वाजला. स्क्रीन लाल झाली. खाली तिचा नंबर. पाववाल्याने काउंटरवर पाहिलं. तिचा फोन पिठात मेल्यासारखा पडला होता, ना उजेड ना आवाज. त्याने तो उचलून उलटा केला, सुलटा केला, हलवून पाहिला, जणू आतून कुणी बाहेर पडेल. मग आपला फोन कानाला लावला. गोड आवाज म्हणत होता, एक दाबा.

"बाई," पाववाला म्हणाला, आणि त्याने तिच्या फोनवरचं पीठ पुसलं. "बाई, मी तुम्हाला फार वाईट बोललो."

"बोललात. आता ते लाल काढा."

त्याने पिठाच्या बोटांनी तक्रार मागे घेतली. नंबर साठवताना विचारलं, "नाव काय टाकू?"

"लिफ्टवाली."

त्याने टाइप केलं ते 'लिफ्टवाली'पेक्षा बरंच लांब होतं, पण तिच्याकडे चष्मा नव्हता आणि तिला घाई होती. जाताना त्याने एक गरम पाव तिच्या हातात कोंबला. तिने तो नको-नको न म्हणता घेतला.

त्या दिवसापासून तिने शिव्या देणाऱ्यांना सोडलं नाही. फोन उचलायची, पहिलं वाक्य तेच, "घाबरू नका, मी ऐकतेय," आणि मग खरोखरच ऐकायची. माणसं ओरडून दमतात. दमली की ती म्हणायची, "झालं? आता माझं एक काम करा. लिफ्टमध्ये लोक अडकतात, ते मला फोन करतात. तुम्ही मला लाल केलंत तर ते माझा फोन उचलणार नाहीत. उद्या तुम्हीही अडकाल." काहींना पटायचं, काही तिलाच खोटारडी म्हणून फोन आपटायचे. आपटणाऱ्यांना ती पुन्हा फोन करायची. एकाने वैतागून सांगितलं, "बाई, तुमचं ऐकतो, पण आता मला सोडा." पाववाला तर पेटलाच होता. पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी फोन काढायला लावायचा, मग पाव द्यायचा. आणि मास्तरांनी सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना बागेत एका रांगेत उभं केलं, "फोन उजव्या हातात" म्हणाले, आणि कवायतीच्या थाटात लाल पट्टी काढायला लावली.

स्टिकर छापून आले. मॅनेजरसाहेब स्वतः गठ्ठा बगलेत मारून मास्तरांच्या इमारतीत हजर झाले. लिफ्टवाली आधीच दारात उभी होती.

"साहेब, एक करा. आत जा. मी मेन बंद करते. तुमच्या नव्या नंबराने बाहेर या. आलात तर मी माझ्या हाताने स्टिकर लावते."

साहेबांना जुनी गोष्ट आठवली असावी, कारण ते जरा घुटमळले. पण मास्तर आणि दोनचार बिऱ्हाडं बघत होती, आणि माघार घेणं त्यांना शोभलं नसतं. ते आत गेले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये पोचली तशी तिने वर मशीनरूममध्ये मेन पाडला, खाली येऊन साहेबांच्या डोक्याच्या बरोबर वरच्या मजल्याच्या दाराला पाठ लावून बसली, आणि डबा उघडला.

दारातून सगळं ऐकू येत होतं. गोड आवाज: नमस्कार, आपला कॉल... फोन तुटला. साहेबांनी पुन्हा लावला. नव्या लिफ्टच्या चौकशीसाठी... तुटला. पुन्हा लावला. या खेपेला ते शेवटपर्यंत पोचले, त्यांनी आकडा दाबला, आणि आवाजाने त्यांना थांबायला सांगितलं. ते थांबले. गाणं वाजलं, मग तेही तुटलं. उलटा फोन काही आला नाही. त्या मशीनला मिस्ड कॉल म्हणजे काय ते कुणी शिकवलंच नव्हतं.

मग साहेबांनी तो नंबर लावणं सोडलं. मास्तर तिच्याकडे बघत होते. तिने हातानेच त्यांना थांबवलं. आणि तिच्या गळ्यातला फोन एकदा वाजला आणि तुटला. साहेबांनी तिचा नंबर कधी साठवला नव्हता, तो पिवळ्या स्टिकरवरूनच लावला होता.

तिने घास गिळून लगेच उलटा फोन केला. दारापलीकडे घंटा वाजली. लाल गेलं की नाही हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. उंच्या कापणार की उचलणार? घंटा वाजत राहिली. मग आतून साहेबांचा आवाज आला, हळू, वाचल्यासारखा:

"भांडखोर लिफ्टवाली."

"काय?"

"स्क्रीनवर आलंय. 'भांडखोर लिफ्टवाली'." आणि त्यांनी उचलला.

पाववाल्याने काय टाइप केलं होतं ते तिला आत्ता कळलं, आणि त्याने गिऱ्हाइकांनाही तेच नाव टाकायला लावलं असणार, हेही कळलं. तिला हसू आलं, पण नियम तो नियम.

"घाबरू नका. मी ऐकतेय. कुठल्या बिल्डिंगमध्ये आहात?"

"तुला माहीत आहे कुठल्या बिल्डिंगमध्ये."

"विचारावं लागतं."

साहेबांनी पत्ता सांगितला, अगदी मजल्यासकट. मग हळूच म्हणाले, "तू काय करतेयस?"

"जेवतेय," ती म्हणाली. "पण उठलेच."

साहेब बाहेर आले ते स्टिकरांचा गठ्ठा परत बगलेत मारूनच. पिवळा स्टिकर जागचा हलला नाही. पुढे ते वीज तोडणारं मशीन तिच्या नंबराला कंटाळलं, किंवा 'भांडखोर लिफ्टवाली' बघून कुणी एक दाबेना म्हणून चडफडलं, आणि कुणा दुसऱ्याचा नंबर उचलून पुढे गेलं. शिव्या आटल्या. मिस्ड कॉल पुन्हा अडकलेल्यांचेच येऊ लागले.

एका दुपारी ती टपावर असताना अनोळखी नंबरावरून फोन आला. तिने उचलला. तोच गोड आवाज: वीज आज तोडली जाईल, एक दाबा. तिने फोन कापला, तेलाचा डबा खाली ठेवला आणि त्याच नंबरावर उलटा फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईने उचलला. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"मी नाही हो केला फोन," ती बाई आधीच म्हणाली. "शपथ घेऊन सांगते, मी कुणालाच..."

"माहीत आहे मला," लिफ्टवाली म्हणाली. "घाबरू नका. मी ऐकतेय. आणि काही झालं तरी नंबर बदलायचा नाही."